जनावरांचे डॉक्टर डनलॉप

काही टायरवर डनलॉप असे नाव छापलेले असते. पुष्कळांना वाटते की ते नुसते कंपनीचे नाव आहे. पण ते एका माणसाचे आडनाव आहे. आणि तो माणूस कारखानदार नव्हता. तो गुराढोरांचा डॉक्टर होता! त्यांचीच माहिती मी लिहीत आहे.

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंड देशात ड्रेगहॉर्न या गावी झाला. त्यांचे घर शेतावर होते. ते एडिंबरो शहरात शिकले आणि जनावरांचे डॉक्टर झाले. १८६७ साली ते समुद्र ओलांडून आयर्लंडला गेले. पुढे बेलफास्ट शहरात त्यांनी दवाखाना चालवला. त्या काळी गाड्या घोडेच ओढायचे. त्यामुळे त्यांच्याकडे काम भरपूर असे.

त्यांना जॉनी नावाचा मुलगा होता. त्याच्याकडे तीन चाकांची सायकल होती. तेव्हा सायकलीच्या धावा कडक असायच्या. दगडांच्या रस्त्यावरून गेले की नुसते गचके बसायचे. जॉनीचे डोके दुखायचे असे सांगतात. वडिलांना वाटले, यावर काहीतरी औषध पाहिजे.

मग १८८७ साली डनलॉप यांनी एक लाकडी चकती घेतली. ती ९६ सेंटिमीटर रुंद होती. रबराची नळी करून ती चकतीभोवती बसवली नि तिच्यात हवा भरली. मग अंगणात त्यांनी दोन चाके ढकलून दिली. एक जॉनीच्या सायकलीचे लोखंडी चाक आणि एक हे हवेचे. लोखंडी चाक थोडे गेले आणि थांबले. हवेचे चाक मात्र पळतच सुटले, फाटकाच्या खांबाला धडकले आणि उलटे माघारी आले! डनलॉप यांना फार आनंद झाला. त्यांनी जॉनीच्या सायकलीला तशी चाके बसवली. १८८८ साली त्यांनी या शोधाचे पेटंट घेतले. पेटंट म्हणजे हा शोध माझा आहे असा सरकारी कागद.

लोक त्या जाड चाकांना हसायचे. पण १८ मे १८८९ रोजी बेलफास्टमध्ये सायकलींच्या शर्यती झाल्या. विली ह्यूम नावाचा गडी हवेच्या टायरची सायकल घेऊन आला. त्याने चारही शर्यती जिंकल्या. मग हसणारे गप्प बसले. त्याच वर्षी डब्लिन शहरात हार्वे ड्यू क्रॉस यांनी टायरची कंपनी काढली आणि डनलॉप तिच्यात सामील झाले.

पण खरी अडचण पुढेच होती. हवा भरली की ती जाणारच! काटा लागतो, खिळा लागतो. डनलॉप यांचे पहिले टायर चाकाला चिकटवलेले असत. ट्यूब कापडात गुंडाळून ते कापड धावेला डिंकासारखे डकवलेले असे. छोटेसे भोक असले तरी सगळे सोलून काढावे लागे, परत चिकटवावे लागे आणि वाळवावे लागे. पंक्चर काढायला तास न् तास जायचे. असे टायर गरिबाच्या काय कामाचे?

यावर उपाय दुसऱ्या लोकांनी काढले. १८९० साली वेल्च नावाच्या गृहस्थाने टायरच्या काठात तार घातली. तो टायर हाताने काढता येई नि बसवता येई. फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंनी १८९१ साली निघणारा टायर केला. मग ट्यूब बाहेर काढून भोक शोधणे सोपे झाले. तेव्हापासून हवेचे टायर सगळीकडे पसरले, मोटारींनाही लागले.

हळूहळू हवा जाते ते भोक डोळ्यांना दिसत नाही. रात्री टायर टणक असतो, सकाळी बसलेला असतो. ते शोधायची युक्ती पाण्याची. आधी व्हॉल्व्हवर पाण्याचा थेंब टाकायचा. बुडबुडा आला तर दोष तिथेच. आपल्या पुष्कळ सायकलींच्या व्हॉल्व्हमध्ये बारीक रबरी नळी असते, ती कुजली की हवा जाते. ती बदलली की काम झाले. या व्हॉल्व्हला अजून डनलॉप व्हॉल्व्ह म्हणतात. तिथे बुडबुडा नसला तर ट्यूब काढून हवा भरायची आणि घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी दाबायची. बुडबुडे येतील तिथे खूण करायची. मग ट्यूब वाळवून काचकागदाने घासायची, सोल्युशन लावायचे, ते जरा सुकू द्यायचे आणि ठिगळ दाबून बसवायचे. टायरच्या आतून हात फिरवून काटा काढायला विसरू नये, नाहीतर नवे भोक पडते.

आता बऱ्याच मोटारींच्या टायरमध्ये ट्यूबच नसते. तिथे साबणाचे पाणी लावतात. टायरवर, व्हॉल्व्हवर आणि रिमच्या काठाला लावले की फेस फुगतो. खिळा दिसला तरी रस्त्यात उपटू नये, हवा भसकन जाते. दुकानात नेऊन काढावा. तिथे भोकात चिकट रबर भरतात. पण भोक टायरच्या कुशीला असेल तर ते भरू नये, टायरच बदलावा. नाहीतर पळत्या गाडीत टायर फुटून माणसे दगावतात.

आता डनलॉप यांचे पुढे काय झाले ते ऐका. १८९० मध्ये त्यांना कळवले गेले की त्यांचे पेटंट चालणार नाही. कारण रॉबर्ट थॉमसन नावाच्या स्कॉटलंडच्याच माणसाने १८४५ साली हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते! ती चाके घोडागाडीसाठी होती. पुढे लोक ती विसरून गेले होते. डनलॉप यांना ते माहीत नव्हते. त्यांनी चोरी केली नव्हती. तरी पेटंट गेले. पुढे १८९६ साली ती कंपनी ३० लाख पौंडांना विकली गेली. डनलॉप यांना मात्र त्यातून फार पैसा मिळाला नाही. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिन येथे ते वारले. तेव्हा त्यांचे वय ८१ वर्षे होते.

मला वाटते, टायर एकट्याचा नाही. थॉमसन यांनी आधी विचार केला, डनलॉप यांनी मुलासाठी परत शोधला, वेल्च आणि मिशेलिन यांनी तो दुरुस्त होण्यासारखा केला. आणि रोज स्टँडवर बसून पंक्चर काढणारे काका तो चालू ठेवतात. जनावरांचे डॉक्टर बैलाच्या खुरात रुतलेला काटा शोधतात, तसेच ते टायरमधला काटा शोधतात. म्हणून त्यांच्या कामाला कोणी हलके समजू नये.

इयत्ता चौथी