भारताचा पहिला स्विंगचा बादशाह फक्त सात टेस्ट खेळला, कारण तेवढ्याच झाल्या होत्या

भारताचे स्विंग बॉलर म्हटलं की आपली गाडी कपिल देवपासून सुरू होते. मग मनोज प्रभाकर, झहीर खान, भुवनेश्वर कुमार. फार मागे गेलं तर कुणीतरी करसन घावरीचं नाव काढतं. पण या सगळ्यांच्या आधी, भारताच्या अगदी पहिल्या टेस्टमध्ये, राजकोटचा एक उंचापुरा पोरगा लॉर्ड्सवर बॉल आत-बाहेर नाचवत होता.

त्याचं नाव लाधा अमर सिंग.

जन्म ४ डिसेंबर १९१०, राजकोटचा. थोरला भाऊ लाधा रामजी हासुद्धा फास्ट बॉलर. तेव्हाचं काठियावाड म्हणजे छोट्यामोठ्या संस्थानांचा मुलूख. क्रिकेट राजेमहाराजांच्या हौसेवर चालायचं. ज्यांच्याकडे पैसा आहे ते कॅप्टन व्हायचे आणि ज्यांच्याकडे खेळ आहे ते घाम गाळायचे.

१९३२ ला भारताचा संघ इंग्लंडला गेला तेव्हाही हेच होतं. दौऱ्याचे कॅप्टन पोरबंदरचे महाराज, उपकर्णधार लिंबडीचे राजकुमार. पण पोरबंदरच्या महाराजांना आपला खेळ किती आहे हे पक्कं माहीत होतं. टेस्टच्या वेळी ते बाजूला झाले आणि कॅप्टन्सी सी. के. नायडूंकडे आली. असा मोठेपणा पुढच्या दौऱ्यात दिसला नाही, ते पुढे येईलच.

२५ जून १९३२. लॉर्ड्स. एका बाजूनं मोहम्मद निसार आणि दुसऱ्या बाजूनं अमर सिंग. निसारनं होम्स आणि सटक्लिफ या दोन्ही ओपनरच्या दांड्या उडवल्या. याच दोघांनी दहाच दिवसांपूर्वी यॉर्कशायरसाठी ५५५ धावांची भागीदारी केली होती. तिसरा रनआऊट झाला आणि इंग्लंड ३ बाद १९. पुढे सेट होऊ पाहणाऱ्या वॉली हॅमंडला अमर सिंगनं बोल्ड केलं.

निसार निव्वळ वेग. अमर सिंगचं प्रकरण वेगळं होतं. चार पावलं चालल्यासारखा तोकडा रनअप, वेग मध्यमपेक्षा थोडा जास्त, पण बॉल टप्पा पडल्यावर अंगावर उसळायचा.

आता स्विंग होतो कसा, ते दोन ओळीत. बॉलची शिवण सरळ न ठेवता थोडी तिरकी धरून टाकली, की शिवणीच्या बाजूची हवा खवळते आणि बॉलला जास्त वेळ चिकटून राहते. दुसऱ्या, गुळगुळीत बाजूची हवा लवकर सुटते. दोन्ही बाजूंच्या या फरकामुळे बॉल शिवण जिकडे रोखलीय तिकडे वळतो. कळायला सोपं आहे. पण शिवण तशीच स्थिर ठेवून, दोन्ही दिशांना, हव्या त्या टप्प्यावर टाकणं हे मोजक्यांनाच जमतं. अमर सिंगला ते जमायचं.

ती टेस्ट भारत १५८ धावांनी हरला. पण दुसऱ्या डावात सगळे ढेपाळले असताना अमर सिंगनं लाल सिंगबरोबर आठव्या विकेटसाठी ७४ धावा जोडल्या आणि स्वतः ५१ केल्या. टेस्टमध्ये भारताकडून झालेली ही पहिली फिफ्टी. मारली बॉलरनं.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९३३ मध्ये, मुंबईच्या जिमखान्यावर भारतातली पहिली टेस्ट झाली. त्यात अमर सिंग आणि रामजी हे दोघे भाऊ एकत्र खेळले. रामजीची ती एकमेव टेस्ट. त्याच मालिकेत मद्रासला अमर सिंगनं ८६ धावांत ७ बळी घेतले.

पण टेस्ट खेळून पोट भरत नव्हतं. भारताला टेस्ट मिळायच्याच किती? त्यामुळं अमर सिंगनं लँकेशायर लीगचा रस्ता धरला. ही लीग म्हणजे कापड गिरण्यांच्या गावांची. सामना शनिवारी दुपारी. प्रत्येक क्लबकडे एक पगारी प्रोफेशनल. बाकीचे दहा जण गावचेच. प्रोफेशनलनं फिफ्टी ठोकली की प्रेक्षकांत पैसे गोळा करायला डबा फिरायचा. शेजारच्या नेल्सनकडे वेस्ट इंडीजचा लिअरी कॉन्स्टंटाइन होता आणि कोल्नकडे आपला अमर सिंग.

म्हणजे १९३६ ला भारताचा संघ इंग्लंडला आला तेव्हा आपला सगळ्यात भारी बॉलर आधीच तिथं नोकरीला होता. कोल्नचा करार असल्यामुळं तो पूर्ण दौरा खेळू शकला नाही, मोजक्या सामन्यांपुरता संघात आला.

संघात तेव्हा वेगळाच राडा चालू होता. कॅप्टन विजयनगरमचे महाराजकुमार, म्हणजे विझी. पहिल्या टेस्टच्या तोंडावर लाला अमरनाथला बेशिस्तीचा ठपका ठेवून बोटीनं घरी पाठवून दिलं. फॉर्मात असलेला ऑलराउंडर!

अशा वातावरणात लॉर्ड्सची टेस्ट सुरू झाली. भारत १४७ ला ऑलआऊट. विषय संपला असंच कुणालाही वाटलं असतं. पण अमर सिंगनं २५.१ ओव्हर टाकल्या, ११ मेडन, ३५ धावा आणि ६ बळी. निसारनं तीन. लेलँडच्या ६० धावा सोडल्या तर इंग्लंडकडे काहीच नव्हतं. इंग्लंड १३४ ला गुंडाळलं आणि भारताला १३ धावांची आघाडी मिळाली.

दुसऱ्या डावात आपण ९३ वर आटोपलो आणि मॅच नऊ विकेटनं गेली. त्या दिवशी अमरनाथ संघात असता तर, हा प्रश्न आजही सतावतो.

ओव्हलची टेस्ट त्याची शेवटची ठरली. १९३२ ते १९३६ या काळात भारत सात टेस्ट खेळला. सातही अमर सिंग खेळला. बळी २८. फर्स्ट क्लासमध्ये मात्र पाचशेहून अधिक.

घरी परतल्यावर १९३६-३७ ला तो नवानगरकडून खेळला. संघानं पदार्पणातच बंगालला हरवून रणजी करंडक जिंकला. त्या संघात विनू मांकड नावाचा कोवळा पोरगा होता. पुढच्या मोसमात लॉर्ड टेनिसनचा संघ भारतात आला. पाच सामन्यांत अमर सिंगनं ३६ बळी काढले. बॉलिंग ऐन बहरात होती, पण हे सामने अधिकृत नव्हते, त्यामुळं टेस्टच्या खात्यात एकही बळी जमा झाला नाही.

मग महायुद्ध सुरू झालं.

२१ मे १९४० ला जामनगरमध्ये अल्पशा आजारानं अमर सिंग गेला. वय २९.

भारताची पुढची टेस्ट झाली जून १९४६ मध्ये, पुन्हा लॉर्ड्सवरच. त्यात विनू मांकडनं पदार्पण केलं. आणि हटन, वॉशब्रुक, कॉम्प्टन, हॅमंड यांच्यासह पाच जणांना बाद केलं ते लाला अमरनाथनं. अमर सिंग तेव्हा ३५ वर्षांचा असता.