घटनाकार डॉ. आंबेडकर आणि अल्पसंख्याकांचा प्रश्न

आपल्या परंदवडीपासून तळेगाव दाभाडे दूर नाही. तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा बंगला आहे. पलीकडे देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. त्यामुळे मावळातल्या माणसाला बाबासाहेबांची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. तरीही ते केवळ एका समाजाचे पुढारी होते, असा समज आपल्याही घरांत आढळतो. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, त्यांच्या चरित्राची एक बाजू येथे मांडत आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला वेगळे बसावे लागे आणि बसायचे गोणपाटही घरूनच न्यावे लागे. नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने पाणी ओतले तर प्यायचे, शिपाई नसला तर तहान मारून बसायचे. पुढे वडिलांना भेटायला निघालेली ही भावंडे मसूर स्टेशनवर उतरली, तेव्हा जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकून ती निघाली, पण रात्रभर पाण्याचा घोट मिळाला नाही. जवळ खायला होते, पैसेही होते. नव्हते ते फक्त पाणी.

पुढे ते बी.ए. झाले आणि बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेला गेले. कोलंबिया आणि लंडन येथील त्यांच्या पदव्या सर्वांना माहीत आहेत. एवढे शिकून बडोद्यास नोकरीवर हजर झालेल्या या तरुणाला राहायला जागा मिळेना. ज्या पारशी धर्मशाळेत तो उतरला होता, तेथूनही त्याला बाहेर काढण्यात आले. पारशी समाजही या देशात अल्पसंख्यच होता, हे येथे ध्यानात घ्यावे.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले. तळे सार्वजनिक होते, नगरपालिकेने ते सर्वांना खुले केल्याचा ठराव होता. पण कागदावरचा हक्क हाती येत नव्हता. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा परिषद भरवायची ठरली, तेव्हा मंडपासाठी कोणी जागा देईना. फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. तळ्याचा दावा पुढे दहा वर्षे चालला आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

फत्तेखानांची गोष्ट ऐकून आपली मान ताठ होते. परंतु दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर ते लबाडीचे होईल. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळकडे जाताना दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. दिवस रमजानचे होते. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी किल्ल्याच्या दरवाजाबाहेरील हौदावर हातपाय धुतले. इतक्यात पांढऱ्या दाढीचे एक मुसलमान वृद्ध ओरडत आले की यांनी हौद बाटवला. तरुण मुसलमानही जमले आणि शिवीगाळ सुरू झाली. बाबासाहेबांनी त्यांना विचारले, की हाच तुमचा धर्म आहे काय, आणि उद्या यांपैकी कोणी मुसलमान झाला तर त्याला पाणी घेऊ द्याल की नाही? जमाव निरुत्तर झाला. अखेर आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, हत्यारी शिपाई बरोबर देऊन त्यांना किल्ला दाखवण्यात आला. ज्या धर्मात मशिदीत एका रांगेत उभे राहतात, त्या धर्माच्या माणसांनी, तेही रोजाच्या महिन्यात, हे केले. बाबासाहेबांनी हा प्रसंग आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. मोठ्या मुलांनी तो मुळातून वाचावा.

अशा माणसाकडे घटना तयार करण्याचे काम आले. १९४६ साली ते घटना समितीवर बंगालमधून निवडून गेले, फाळणीनंतर मुंबईतून. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली, तिचे ते अध्यक्ष झाले. आसामचे सर सय्यद महंमद सादुल्ला हेही तिचे सभासद होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना बाबासाहेबांनी बहुसंख्याकांना त्यांचे कर्तव्य सांगितले. अल्पसंख्याकांनी बहुसंख्याकांचे राज्य विश्वासाने मान्य केले आहे, तेव्हा भेदभाव न करणे ही बहुसंख्याकांची जबाबदारी आहे, आणि तो भेदभाव ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी अल्पसंख्याक असा वेगळा वर्गच उरणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच महिन्यात भाषा व संस्कृतीच्या कलमावर चर्चा निघाली. अल्पसंख्य म्हणजे केवळ धर्माने नव्हे, बंगालात जाऊन राहिलेला महाराष्ट्रीय माणूसही त्या अर्थाने अल्पसंख्यच, असे त्यांनी समजावून दिले. आपल्यासारख्या संस्था ज्या ३० व्या कलमाच्या आधारे उभ्या राहतात, त्याची चर्चा याच ओघात झाली.

२२ डिसेंबर १९५२ रोजी पुणे जिल्हा लॉ लायब्ररीच्या सभासदांपुढे, लोकशाही यशस्वी होण्यास काय लागते, या विषयावर त्यांचे व्याख्यान झाले. पालकांना माझी आग्रहाची शिफारस आहे की त्यांनी हे व्याख्यान मिळवून वाचावे. समाजात टोकाची विषमता नको, विरोधी पक्ष हवा, कायदा व कारभार सर्वांना सारखा हवा आणि बहुमताची अल्पमतावर जुलूमशाही नको, असे मुद्दे त्यात आहेत. ज्यांचे म्हणणे प्रत्येक वेळी केवळ संख्येच्या जोरावर फेटाळले जाते, त्यांचा सनदशीर मार्गावरचा विश्वास उडतो आणि लोकशाहीचा पाया खचतो, हे त्यांनी पुण्यात बजावले. शेवटी त्यांनी दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण घेतले. तेथे हिंदी लोकांवरील अन्यायाविरुद्ध काही गोरे तरुण-तरुणी उभे राहिले होते. ज्याला स्वतःला झळ लागत नाही तोही अन्यायाविरुद्ध उभा राहतो, यालाच ते सार्वजनिक सदसद्विवेक म्हणत. आपल्या देशात असे किती निघतात, ही त्यांची खंत होती.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांनी १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि १९५० साली त्या वेळच्या औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद म्हणून प्रसिद्ध झाले. दौलताबादचा तो किल्ला तेथून काही मैलांवर आहे. या महाविद्यालयाचे दरवाजे सर्व जातिधर्मांच्या मुलांना उघडे होते.