सुट्टीचा आणि तासांचा हिशेब : नारायण मेघाजी लोखंडे

आठवड्याचे ४८ तास सहा दिवसांत वाटले तर रोजचे आठ तास होतात. त्यात जेवणाचा अर्धा तास धरला, की सकाळी सातला कामावर लागलेला माणूस दुपारी साडेतीनला सुटतो. मुंबईच्या कापडगिरण्यांत १८८० च्या सुमारास असा हिशेब कोणी मांडतच नसे. सूर्य उगवला की काम सुरू, मावळला की बंद. उन्हाळ्यात हा दिवस सव्वातेरा तासांपर्यंत लांबायचा आणि आठवड्यातले सातही दिवस काम असले, तर बेरीज ९३ तासांच्या घरात जायची. सणावाराच्या मोजक्या सुट्ट्या मिळत. पण गिरणी बंद असेल त्या दिवशीही यंत्रे पुसायला कामगारांना बोलावले जाई.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ चा. ठाण्यात शिक्षण झाल्यावर त्यांनी रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी केली. पुढे ते एका गिरणीत स्टोअरकीपर झाले आणि कामगारांची दैना त्यांना रोज जवळून दिसू लागली. ते जोतीराव फुले यांचे सत्यशोधक सहकारी होते. १८८० मध्ये त्यांनी ‘दीनबंधू’ हे पत्र हाती घेतले आणि मुंबईतून चालवले.

१८८१ च्या पहिल्या कारखाने कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ तासांची मर्यादा, तासाभराची विश्रांती आणि महिन्याला चार सुट्ट्या दिल्या. प्रौढांना काहीच नाही.

सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. तेथे ठरलेल्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. पगार वेळेवर मिळावा, अपघातात जखमी झालेल्यास भरपाई मिळावी, या मागण्या त्यात होत्याच. विश्रांतीविषयीच्या तीन मागण्या मात्र आरोग्याच्या अंगाने नीट पाहण्यासारख्या आहेत : रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा आणि काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्तापर्यंतच.

या मागण्या आकड्यांत मांडून पाहा. जूनमध्ये मुंबईचा सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो. साडेसहापासून पावणेतेरा तास झाले. त्यातून अर्धा तास वजा केला तर सव्वाबारा, आणि सहा दिवसांचे साडेत्र्याहत्तर. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या आसपास, म्हणजे रोज अकरा आणि आठवड्याला ६६. आज हा आकडा भयंकर वाटेल. पण ९३ वरून ७३ वर येणे म्हणजे आठवड्याला २० तासांची झोप, घर आणि मोकळी हवा. दुपारचा अर्धा तासही किरकोळ नव्हता. दमट, गरम खात्यात कापसाचे तंतू सतत नाकातोंडात जात. यंत्रे थांबली तरच त्यांच्यापासून थोडी सुटका होती, शिवाय थकलेला हात पट्ट्यात सापडण्याची भीतीही तेवढा वेळ टळे.

मालकांनी सहा वर्षे दाद दिली नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हे. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी नेमलेल्या फॅक्टरी कमिशनच्या कामातही लोखंड्यांना सहभागी करून घेतले गेले. १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास दोन्ही आले. स्त्रियांना रोज अकरा तासांची, मुलांना सात तासांची मर्यादा मिळाली.

प्रौढ पुरुषांचे तास मात्र मोकळेच राहिले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी मुंबईत प्लेगने लोखंड्यांचे निधन झाले. त्यानंतर गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची आपसूक असलेली मर्यादाही गेली. काही गिरण्या चौदा-चौदा तास चालू लागल्या. पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा १९११ च्या कायद्याने घातली. १९२२ मध्ये आठवड्याचे ६० तास ठरले, १९३४ मध्ये ५४ आणि १९४६ मध्ये ४८. १९४८ च्या कायद्याने दिवसाला जास्तीत जास्त नऊ तास ठरवले आणि सलग पाच तासांपुढे विश्रांतीशिवाय काम नाही, हेही लिहिले. ती विश्रांती किमान अर्ध्या तासाची, म्हणजे १८८४ च्या अर्जात मागितली होती तेवढीच.