बोट लेट झाली म्हणून...

एम-थ्रीच्या पेपरला प्रोबॅबिलिटी सरळ ऑप्शनला टाकणारे आपल्या होस्टेलवर किती आहेत ते मेसवाल्या काकांनाही ठाऊक आहे. त्यांच्यासाठी फिजिक्सच्या एका प्रोफेसरांची ही गोष्ट.

प्रशांतचंद्र महालनोबीस यांचा जन्म २९ जून १८९३ चा, कलकत्त्याचा. प्रेसिडेन्सी कॉलेजातून फिजिक्स घेऊन १९१२ मध्ये बी.एस्सी. झाले आणि पुढच्या वर्षी विलायतेला गेले. अ‍ॅडमिशन घ्यायची होती लंडनला. पण केंब्रिज बघायला गेले, शेवटची गाडी चुकली, मुक्काम पडला आणि तिथल्याच किंग्ज कॉलेजात दाखल झाले! तिथे रामानुजन यांच्याशी ओळख झाली. थंडीने बेजार झालेल्या रामानुजनना पलंगावरच्या ब्लँकेटांच्या आत शिरून कसं झोपायचं, ते यांनीच दाखवलं. (रूम पार्टनर असावा तर असा.)

१९१५ मध्ये परीक्षा झाली, पण महायुद्धामुळे परतीची बोट लांबली. रिकामा वेळ लायब्ररीत जायचा. तिथे एका ट्यूटरनी 'बायोमेट्रिका' या संख्याशास्त्राच्या जर्नलचे खंड दाखवले. पठ्ठ्याने अख्खा संच विकत घेतला आणि बोटीवर वाचत वाचत घरी आला.

नोकरी मात्र फिजिक्स शिकवण्याचीच. १९१७ च्या सुमारास आचार्य ब्रजेंद्रनाथ सील यांनी त्यांच्यावर कलकत्ता विद्यापीठाच्या परीक्षांच्या निकालांचं विश्लेषण सोपवलं. म्हणजे आज विद्यापीठात डेटा अ‍ॅनालिस्ट जे काम करतो, तेच; फक्त कॉम्प्युटर नव्हता. पुढे १९२० मध्ये नागपूरच्या सायन्स काँग्रेसमध्ये नेल्सन अ‍ॅनंडेल भेटले आणि माणसांच्या शरीराच्या मापांचा ढीग हाती आला. त्यातूनच १९३६ चं 'महालनोबीस अंतर' निघालं. साध्या अंतरात प्रत्येक माप सुटं धरतात. यांनी कुठलं माप किती पसरलंय आणि कुठली मापं जोडीने वाढतात, तेही हिशेबात घेतलं.

आता आपल्या सिव्हिलवाल्यांनी जरा कान देऊन ऐकावं. १९२२ मध्ये उत्तर बंगालमध्ये मोठा पूर आला. पाणी अडवायला खर्चिक जलाशय बांधा, असं इंजिनिअरांच्या समितीचं म्हणणं. महालनोबीसांनी १८७० पासूनच्या पावसाच्या नोंदी काढल्या आणि दाखवून दिलं, की त्याचा उपयोग नाही. पाण्याचा निचरा लवकर व्हायला हवा. १९२६ मध्ये ओरिसात ब्राह्मणी नदीला पूर आला. नदीचं पात्र वर आलंय, बंधारे काही फूट उंच करा, असा तज्ज्ञांचा सल्ला. यांनी सुमारे साठ वर्षांचे आकडे तपासले. पात्र वर आलेलंच नव्हतं! दुखणं वरच्या भागातल्या पावसात होतं, म्हणून उपायही वरच, धरणांचा. गावंच्या गावं पाण्याखाली जाणार की नाही, ते या हिशेबावर ठरणार होतं. महानदीसाठी त्यांनी केलेली आकडेमोड पुढे हिराकूडच्या कामी आली. ते धरण १९५७ मध्ये पुरं झालं.

१९३१ च्या डिसेंबरात प्रेसिडेन्सीच्या फिजिक्स विभागातच इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. पहिल्या वर्षाचा खर्च २३८ रुपये! आपल्या गॅदरिंगचा मांडवसुद्धा एवढ्यात होत नाही. बंगालभरचं तागाचं क्षेत्र मोजायला प्रत्येक शेतात जायची गरज नाही, नीट निवडलेला नमुना पुरतो, हे त्यांनी १९३७ पासून सर्व्हे करून सिद्ध केलं. त्याच वाटेने १९५० मध्ये नॅशनल सँपल सर्व्हे आला. १९५६ मध्ये इन्स्टिट्यूटने इंग्लंडहून कॉम्प्युटर आणला, भारतातला पहिला.

२८ जून १९७२ रोजी ते गेले. एकोणऐंशीवा वाढदिवस दुसऱ्याच दिवशी होता. २००७ पासून तो देशभर सांख्यिकी दिन म्हणून पाळतात.