अडकित्ते जमवणारे केळकर

पुण्याला गेलो की आम्ही बडोदेकर तुळशीबाग चुकवत नाही. तिथून जवळच, शुक्रवार पेठेत, राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. तिकडे मात्र पाय क्वचित वळतात.

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १८९६ चा. घरचा धंदा चष्म्याचा, आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास जुन्या वस्तूंचा नाद लागला. राजाची तलवार कोणीही जपेल! केळकरांनी दिवे, कुलपे, दौती, फण्या, टाचा घासायच्या वज्र्यासुद्धा जमवल्या. आणि अडकित्ते किती! सुपारी साध्या पात्यानेही कातरतेच. पण कोण्या कारागिराने त्याचा पक्षी केला, कोणी जोडपे. रोज हातात येणारी वस्तू देखणी असावी, ही हौस केळकरांना ओळखू आली. त्यासाठी ते गावोगाव हिंडले. पत्नी कमलाबाईंनी साथ दिली. मुलगा राजा लहानपणीच गेला; संग्रहाला त्याचेच नाव दिले. सुमारे २०,००० वस्तूंचा हा संसार त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. १९९० मध्ये ते गेले.

आम्ही सरकारी नोकर, डेड स्टॉक रजिस्टरात वाढलेले. आजीचा पितळी अडकित्ता आम्ही किलोच्या भावाने मोडीत दिला होता. तसाच घाट तिथे काचेआड दिसला. हे कशासाठी, असे मुलीने विचारले, तेव्हा आम्ही रिकाम्या मुठीनेच सुपारी कातरून दाखवली.