चिमणीवर नेम धरणारा मुलगा जंगलासाठी कसा उभा राहिला? गोष्ट सलीम अली यांची

इस्लामपूरहून शिराळामार्गे चांदोलीच्या जंगलाकडे गेलात आणि नशीब जोरावर असेल, तर उंच झाडावर एक मोठी, झुबकेदार शेपटीची खार दिसते. हा शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तो झाडावरच राहतो, तिथेच घरटी बांधतो आणि या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारत फिरतो. जमिनीवर क्वचितच उतरतो. मधली झाडं तुटली की त्याचा रस्ताच तुटतो.

बोर्निओ आणि सुमात्राच्या वर्षावनातल्या ओरांगउटानचंही तसंच. तोही झाडावर जगतो, रोज झोपायला फांद्यांचं घरटं करतो. तिथलं जंगल तोडून पाम तेलाचे मळे उभे राहिले आणि हा प्राणी नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आला.

प्राणी वाचवायचा तर आधी त्याचं जंगल वाचवा, हे आज शाळेतली मुलंही सांगतात. पण एकेकाळी सरकारला हे पटवणं सोपं नव्हतं. ज्यांच्या शब्दाला तेव्हा दिल्लीत वजन होतं, त्यांत मुंबईचे पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अली होते. विशेष म्हणजे त्यांची सुरुवात बंदुकीने झाली होती.

एका चिमणीने आयुष्य बदललं

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईतला. भावंडांत ते सगळ्यांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामींनी त्यांना वाढवलं.

मामांना शिकारीचा नाद होता. भाच्याच्या हातीही छऱ्याची बंदूक आली. एके दिवशी दहाएक वर्षांच्या सलीमने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे मामांना सांगता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत, म्हणजे बीएनएचएसमध्ये पाठवलं.

तिथले सचिव मिलार्ड यांनी चिमणी ओळखली आणि मुलाला पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा सगळा संग्रह दाखवला. सलीमचं आयुष्य त्या दिवशी वळलं.

पदवी नाही, नोकरी नाही

पुढचा रस्ता सरळ नव्हता. कॉलेज अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशातल्या तवॉयला गेले. तिथे कुटुंबाचा खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता. धंद्यापेक्षा आजूबाजूच्या जंगलांनीच त्यांना जास्त गुंतवलं. १९१७ मध्ये ते परतले. १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी लग्न झालं.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये त्यांना गाइड लेक्चररची नोकरी लागली. पुढे रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि एर्विन श्ट्रेझमान यांच्या हाताखाली पक्षीशास्त्र शिकले. १९३० मध्ये परत आले तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली होती.

मग अलिबागजवळच्या किहीमला मुक्काम हलवला. तिथे त्यांनी सुगरण पक्ष्यांचं निरीक्षण केलं. नर घरटं अर्धवट बांधतो, मादीला ते पसंत पडलं तर पूर्ण करतो आणि नंतर दुसऱ्या मादीसाठी नव्या घरट्याच्या मागे लागतो, हे त्यांनी नोंदवलं.

त्यानंतर संस्थानांमधली पक्षी-सर्वेक्षणं सुरू झाली. पगार नको, फिरण्याचा खर्च तेवढा द्या, अशी त्यांची तयारी होती. १९३३ मध्ये त्रावणकोर-कोचीनच्या सर्वेक्षणात ते पश्चिम घाटाच्या सदाहरित जंगलांत फिरले. तेहमिना सोबत असत. १९३९ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. दोनच वर्षांनी, १९४१ मध्ये, ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ आलं आणि सलीम अली हे नाव घरोघरी पोचलं.

सायलेंट व्हॅलीचा लढा

केरळच्या पालक्काड जिल्ह्यात सायलेंट व्हॅली नावाचं वर्षावन आहे. तिथल्या कुंतीपुळा नदीवर वीजनिर्मितीसाठी धरण बांधायला १९७३ मध्ये नियोजन आयोगाने मंजुरी दिली.

या जंगलात सिंहपुच्छ माकड राहतं. ते फक्त दक्षिणेकडच्या पश्चिम घाटात सापडतं आणि ओरांगउटानसारखंच झाडांच्या शेंड्यांवर जगतं. धरणाने दरी बुडाली असती, तर त्याच्या उरल्यासुरल्या घरांपैकी एक मोठं घर गेलं असतं.

सलीम अली सत्तरी ओलांडलेले होते. ते दरीत जाऊन आले आणि प्रकल्प रद्द करा, अशी मागणी त्यांनी केली. हे श्रेय त्यांच्या एकट्याचं नाही. केरळ शास्त्र साहित्य परिषद, कवयित्री सुगतकुमारी आणि असंख्य सामान्य माणसं या लढ्यात होती. पण सलीम अलींचं म्हणणं पंतप्रधान इंदिरा गांधी ऐकत असत. अखेर १९८३ मध्ये धरणाचा बेत सोडून दिला गेला आणि १९८४ मध्ये सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान झालं.

ते चुकलेही

राजस्थानातल्या भरतपूरचं पाणथळ अभयारण्य टिकवण्यातही त्यांचा मोठा वाटा आहे. मात्र तिथे गुरं चारायला बंदी घालावी, असा त्यांचा आग्रह होता. १९८२ मध्ये बंदी आली, गावकरी चिडले, गोळीबारात काही जणांचा जीव गेला. पुढे बीएनएचएसच्याच अभ्यासातून दिसलं की म्हशी चरायच्या थांबल्यावर गवत माजलं आणि पाणपक्ष्यांचंच नुकसान झालं.

जंगल वाचवताना त्याच्या कडेला राहणाऱ्या माणसांना विसरून चालत नाही, हा धडा चांदोलीच्या परिसरात वेगळा सांगायला नको. इथल्या कित्येक कुटुंबांनी धरणासाठी आणि अभयारण्यासाठी आपली गावं सोडली आहेत.

मागे काय उरलं?

१९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्याच सुमारास मिळालेल्या गेटी पुरस्काराची रक्कम त्यांनी बीएनएचएसच्या कामाला दिली. २० जून १९८७ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, ते गेले.

केरळचं तट्टेक्काड पक्षी अभयारण्य आज त्यांच्या नावाने ओळखलं जातं. दक्षिणेतल्या डोंगरी जंगलात राहणाऱ्या एका दुर्मीळ फळखाऊ वटवाघळालाही त्यांचं नाव आहे, आणि त्याचं जंगल आक्रसतं आहे.

चांदोली २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. ही नावं कागदावर आहेत. शेकरूला मात्र रोज लागते ती पुढच्या झाडाची फांदी.