दहा राग, तीन यंत्रे

नांदेड-लातूरकडच्या वरातीतही आता ताशाच्या जोडीला यंत्राचा ठेका असतो. या यंत्रसंगीताच्या प्रणेत्यांचा विषय निघाला की जर्मनीचेच नाव पुढे येते. ‘क्राफ्टवर्क’ची ‘ऑटोबान’ ही ध्वनिमुद्रिका १९७४ ची, तेव्हा तो मान रास्तच आहे. मात्र मुंबईच्या चरणजित सिंग यांची आठवण जगाला फार उशिरा झाली.

हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार आणि सिंथेसायझर वाजविणाऱ्या सिंग यांनी १९८२ मध्ये ‘रोलँड’ कंपनीच्या तीन यंत्रांवर भैरव, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बांधले. त्यांपैकी ‘टीबी-३०३’ हे यंत्र मुळात बास गिटारच्या साथीसाठी बनविलेले. पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. मींड जाणणाऱ्या वादकाला आणखी काय हवे?

‘एचएमव्ही’ने काढलेली ती तबकडी खपली नाही. पुढे १९८७ मध्ये त्याच यंत्राच्या आवाजावर शिकागोत ‘ॲसिड हाऊस’ हा प्रकार उभा राहिला आणि जगभर गाजला. सिंग मात्र विस्मृतीतच राहिले. एका डच संग्राहकाला ही तबकडी दिल्लीत सापडली आणि २०१० मध्ये ती नव्याने प्रसिद्ध झाली. सत्तरी ओलांडल्यावर सिंग युरोपातील रंगमंचांवर तेच राग वाजवू लागले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.